बोललेला नवस आणि फेडलेला नवस

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. पहिली, पाचवी, नववी, बारावी. पत्ता सांगायला याहून सोयीची रीत नाही. परगावचा माणूसही आठवी सापडली की सातवी शेजारीच असणार हे ओळखतो. पण आकडा गल्ली कुठं आहे एवढंच सांगतो. तिथं कोण राहतं, कुणाच्या डोक्यावर कर्ज आहे, कुणाकडं यंदा लग्न आहे, यातलं काही त्याच्या पोटात नसतं, आणि तशी कुणाची अपेक्षाही नसते. याच राजारामपुरीत सकाळी सव्वानऊला दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस मोबाइल उघडतो, तेव्हा मात्र तो आकड्याकडून नेमकं हेच मागतो. भावाच्या आलेखाखाली हिरव्या-तांबड्या काठ्यांची रांग असते. एखादी काठी शेजारणींपेक्षा तिप्पट उंच दिसली की वाक्य ठरलेलं असतं: ‘व्हॉल्यूम बघ की, कोणतरी मोठा आत शिरलाय.’ किती सौदे झाले हे कळलं, म्हणून ते कोणत्या खात्रीनं झाले हेही कळलं, असा हा उडीचा युक्तिवाद आहे. हा प्रश्न बाजाराचा वाटतो, पण मुळात तो ज्ञानाचा आहे, आणि थोडासा श्रद्धेचाही: पुष्कळ माणसांनी एखादी गोष्ट केली, ही त्या गोष्टीच्या खरेपणाची साक्ष केव्हा होते?

उलाढालीवर उभ्या असलेल्या निर्देशकांत सर्वांत साधा आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘ऑन बॅलन्स व्हॉल्यूम’. अमेरिकेतल्या जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी 1963 सालच्या आपल्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. रीत अशी: आज भाव कालच्यापेक्षा वर बंद झाला तर आजची सगळी उलाढाल बेरजेत धरायची, खाली बंद झाला तर सगळी वजा करायची. या बेरीज-वजाबाकीची जी रेषा तयार होते ती भावाच्या आधी वर जाऊ लागली, तर जाणकार मंडळी गुपचूप माल गोळा करत आहेत असं समजायचं. पुढं मार्क चैकिन आणि इतरांनी बंद भाव दिवसाच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या, हे पाहून उलाढालीची वाटणी अधिक बारीक केली. पण या सगळ्या घराण्याचा पाया एकच आहे. जिथं उलाढाल जास्त, तिथं खात्री जास्त. आज हीच रेषा टाटा स्टीलच्या शेअरवरही काढली जाते आणि निफ्टी निर्देशांकाच्या वायद्यावरही, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यावरही, जणू दोन्हीकडं मोजलेली वस्तू एकच आहे. ती एक नाही, आणि वायद्यावर काढलेली ती रेषा शेअरच्या बाजारातून उसनं आणलेलं प्रमाणपत्र मिरवते, असं माझं म्हणणं आहे.

आपल्या न्यायदर्शनानं ज्ञानाच्या साधनांची छाननी फार नेमकी केली आहे, ती इथं कामी येते. उलाढालीला ‘साक्ष’ म्हणताना आपण नकळत तिला शब्दप्रमाणाच्या पाटावर बसवतो. पण शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, आणि न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्या मते आप्त म्हणजे ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि ती जशीच्या तशी दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. बाजारात मोठी खरेदी करणाऱ्याला काही सांगायचं नसतं. उलट तो ऑर्डरचे तुकडे करून आपण आलोच नाही असं दाखवायच्या खटपटीत असतो. म्हणजे उलाढाल हा शब्द नव्हे. ते फार तर अनुमानाचं चिन्ह. आणि अनुमान म्हटलं की व्याप्ती, म्हणजे एक असेल तिथं दुसरं असतंच हे नातं, तपासावी लागते. धूर दिसला की आग असतेच, ही व्याप्ती पक्की. उलट दिशेनं, आग दिसली म्हणून धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धुरासाठी आगीच्या जोडीला ओलं सरपण लागतं. या न सांगितलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला हे पोथीतून शिकायची गरज नाही. गुऱ्हाळावर चुलवाणात वाळकं चिपाड टाकणाऱ्या जळव्याला ठाऊक असतं की जाळ तोच असला तरी चिपाड ओलं निघालं तरच डोळ्यांतून पाणी येतं. इथं एक गंमत आहे. उलाढाल म्हणजे धूर आणि खात्री म्हणजे आग, असं आपण सहज धरतो आणि फसतो. खरं तर उलाढाल आगीच्या जागी बसते आणि खात्री धुराच्या जागी. उलाढाल समोर दिसते. तिच्यावरून खात्रीचं अनुमान करायचं तर मधलं ओलं सरपण कोणतं, हे आधी विचारायला हवं.

ते सरपण शोधायला एक सौदा जवळून पाहू. वायद्याच्या बाजारात ‘अ’नं ‘ब’कडून एक लॉट घेतला. ‘ब’कडं आधी काहीच नव्हतं. त्यानं फक्त ‘देईन’ म्हटलं आणि ‘अ’नं ‘घेईन’ म्हटलं. उलाढाल एक, आणि उभा राहिलेला करार, ज्याला ओपन इंटरेस्ट म्हणतात, तोही एक. तासाभरानं ‘अ’नं आपली बाजू ‘क’ला विकली. उलाढाल दोन, उभा करार एकच. ‘क’नं ‘ड’ला दिली: तीन. दुपारी भाव घसरला, ‘ब’नं ‘ड’कडून तीच बाजू परत घेऊन आपली सुटका केली. उलाढाल चार, उभा करार शून्य. चौघांपैकी कुणाकडं काही आलं नाही, कुणाकडून काही गेलं नाही. काही पैसे मात्र खिशातून खिशात सरकले. आलेखाखालची काठी चार घरं वर गेली. आता शाहू मार्केट यार्डात चला. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली ती मुळात गुळाच्या व्यापारासाठी, आणि त्या व्यापाराची रीत आजही डोळ्यांना दिसते. अडत्याच्या दुकानापुढं गुळाचे रवे मांडलेले, खरेदीदार रंग बघतो, कणी बघतो, बोली होते, सौदा ठरतो, मग तोल, हमाली, अडत. दिवसाची आवक इतके रवे, असं बाजार समिती सांगते तेव्हा तितके रवे कुणाच्या तरी उसातून निघून काहिलीतून उतरलेले असतात आणि गुजरातकडं जाणाऱ्या ट्रकमध्ये चढायचे असतात. तिथं ‘देईन’ हा शब्द नाही, ‘दिला’ हा आहे. शेअर हा या दोन टोकांच्या मधे असला तरी गुळाच्या बाजूला झुकलेला आहे. कंपनीचे शेअर मोजके असतात. कुणी तरी डिमॅट खात्यातून काढून दिल्याशिवाय दुसऱ्याच्या खात्यात ते येत नाहीत, आणि 2023 च्या जानेवारीपासून तर दुसऱ्याच दिवशी येतात. वायदा मात्र दोन माणसं तयार झाली की जन्मतो, आणि किती जन्मावेत याला मालाच्या साठ्याची मर्यादा नसते.

मराठीनं हा भेद फार पूर्वी ओळखून ठेवला आहे. ‘वायदा’ म्हणजे वचन आणि ‘वायदा’ म्हणजे पुढच्या तारखेचा सौदाही. नुसती आश्वासनं देणाऱ्या पुढाऱ्याला आपण वायदेआझम म्हणतो ते उगाच नव्हे. याहून जवळची गोष्ट नवसाची. वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला नवस बोलणं आणि नवस फेडणं या दोन क्रिया आहेत, आणि लोकांनी त्यांची कधी गल्लत केलेली नाही. बोलायला एक क्षण पुरतो, घरात बसूनही बोलता येतो, एकाच संकटात चार देवांना बोलता येतो. फेडायला मात्र डोंगर चढावा लागतो, सासनकाठी खांद्यावर घ्यावी लागते, गाठीचे पैसे मोडावे लागतात. एखाद्या गावाची श्रद्धा मोजायचीच झाली, तर शहाणा माणूस फेडलेले नवस मोजेल. बोललेल्या नवसांची संख्या गावातली संकटं आणि भीती सांगेल, आणि तीही माहिती खोटी नाही. पण तिला श्रद्धा म्हणता येणार नाही. उपमा एका जागी तुटते, तेही सांगायला हवं. नवसात समोर देव असतो. वायद्यात समोर तितक्याच खात्रीनं उलट बोलणारा दुसरा माणूस असतो. म्हणजे तिथं दर नवसामागं एक उलटा नवस आहे, आणि उलाढालीची काठी दोघांना मिळून एक मोजते. ती काठी कुणाच्या बाजूची साक्ष, हा प्रश्न त्यामुळं आणखी अवघड होतो.

तर ओलं सरपण म्हणजे किंमत: सौद्यात उतरताना माणूस मागं घेता न येणारं असं काय देऊन बसला. ग्रॅनव्हिल यांचं पुस्तक आलं तेव्हा ही अट बाजाराच्या रचनेतच बसवलेली होती. अमेरिकेत दलालीचे दर ठरीव होते आणि चढे होते. ते 1 मे 1975 रोजी खुले झाले. सौदा म्हटला की कागदी प्रमाणपत्रं हलायची, दलाली भरायची, रक्कम गुंतायची. अशा बाजारात उलाढाल आणि खात्री बरोबर चालत असतील, तर ते प्रत्येक सौद्यामागं भरलेल्या किमतीमुळं; उलाढालीच्या अंगी तसा काही गुण होता म्हणून नव्हे. ती किंमत गेली तरी रेषा काढण्याची रीत राहिली. आज वायद्याची ऑर्डर वीसेक रुपयांत पडते, पूर्ण रकमेऐवजी तिचा एक हिस्सा मार्जिन म्हणून ठेवला की भागतं, आणि शेअरच्या डिलिव्हरीवर रोखे व्यवहार कर दोन्ही बाजूंना लागतो, तर वायद्यावर फक्त विकणाऱ्याला. चिपाड वाळलेलं आहे. जाळ मोठा दिसतो, धुराचा पत्ता नाही, आणि आपण मात्र जाळ पाहूनच डोळे पुसतो आहोत.

कायद्यानंही हाच प्रश्न विचारला होता, हे तत्त्वचिंतकांना सहसा सुचत नाही. 1872 च्या करार कायद्याचं 30 वं कलम पैजेचा करार निरर्थक ठरवतं. तेजी-मंदीचे खटले येत तेव्हा न्यायालयं सौदा किती मोठा हे पाहून निकाल देत नसत; दोघांपैकी कुणाच्याही मनात माल देण्या-घेण्याचा हेतू होता का, की दोघांनाही फक्त भावातला फरक हवा होता, हे पाहत. हेतू असला तर व्यापार, दोन्हीकडं नसला तर पैज. 1999 च्या दुरुस्तीनं रोख्यांच्या कायद्यात 18-अ कलम आलं आणि मान्यताप्राप्त बाजारातले असे करार वैध ठरले. जून 2000 मध्ये निर्देशांकाचे वायदे सुरू झाले, नोव्हेंबर 2001 मध्ये शेअरचे. कायद्यानं आपली कसोटी बाजूला ठेवली ती सोयीसाठी, आणि त्यात गैर काही नाही. जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर देण्यासाठी असा बाजार लागतो. पण करार वैध ठरला म्हणून तो खात्रीचा पुरावा ठरत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. शेअर बाजारातली उलाढाल तरी कुठं धुतल्या तांदळासारखी आहे? सकाळी घेऊन दुपारी विकणारे तिथंही आहेतच, आणि अ-ब-क-डची वरची साखळी शेअरमध्येही एका दिवसात जशीच्या तशी घडू शकते. 2001 च्या शेअर घोटाळ्यात तर मोजक्या शेअरमध्ये आपसांत फिरवाफिरवी करून उलाढाल फुगवली गेल्याचं चौकशीत पुढं आलं. हे सगळं मान्य. मला जी रेघ ओढायची आहे ती एका बाजाराला सोवळ्यात आणि दुसऱ्याला ओवळ्यात टाकण्यासाठी नाही. फेडलेलं आणि नुसतं बोललेलं वेगळं काढता यावं, एवढ्यासाठी आहे. शेअरमध्ये हे वेगळं काढता येतं, कारण दिवसाच्या उलाढालीतला किती हिस्सा प्रत्यक्ष खात्यांत पोचणार, म्हणजे डिलिव्हरीचं प्रमाण, राष्ट्रीय शेअर बाजार शेअरगणिक रोज प्रसिद्ध करतो. ऑन बॅलन्स व्हॉल्यूमची रेषा तो रकाना उघडूनही पाहत नाही. दुसरा आक्षेप: शेअरचे वायदे तर ऑक्टोबर 2019 पासून सगळेच प्रत्यक्ष डिलिव्हरीनं मिटतात, मग बोलणं आणि फेडणं एकच नाही का झालं? नाही. डिलिव्हरीची वेळ येते ती मुदतीच्या दिवसापर्यंत उभ्या राहिलेल्या करारांवर. बहुतेक लोक त्याआधीच बाहेर पडतात किंवा पुढच्या महिन्यात सरकतात, आणि हे सरकणंही जुन्या मालिकेत एक आणि नव्या मालिकेत एक अशी दोनदा उलाढाल म्हणून मोजलं जातं. नवस पुढच्या चैत्रावर ढकलला, तोही दोनदा बोलल्याचा हिशेब. निर्देशांकाच्या वायद्यात तर फेडण्याची सोयच नाही. तिथं शेवटी फरकाचे पैसेच मिळतात.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि त्यापुढं माझं म्हणणं थोडं झुकवावंच लागेल. शेअरच्या बाजारात ज्याच्याकडं शेअर नाहीत आणि ज्याला भाव पडणार असं ठामपणं वाटतं, त्याला दिवसभरापलीकडं बोलायची जवळजवळ सोय नाही. तो गप्प राहतो, आणि त्याचं गप्प राहणं कोणत्याच काठीत दिसत नाही. वायद्यात तो बोलू शकतो. थोड्या पैशात मोठं बोलता येत असल्यामुळं ज्याला खरोखर आधी काही कळलं आहे तोही पुष्कळदा तिथंच आधी जातो, आणि बातमी आधी वायद्याच्या भावात उमटते. म्हणजे दोन्ही पक्षांना बोलू देणारं न्यायालय म्हणून वायद्याचा बाजार शेअरच्या बाजारापेक्षा उजवा आहे. हे मी मनापासून मान्य करतो. पण न्यायालय दोन्ही पक्षांचं ऐकतं म्हणून कोलाहल मोजून निकाल देता येत नाही. तिथं ऐकायचं असेल तर भाव कुठं गेला, त्या जोडीला उभे करार वाढले की घटले, आणि वायद्याचा भाव मूळ शेअरपेक्षा किती वर किंवा खाली उभा आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र ऐकाव्या लागतात. भाव वाढला आणि उभे करारही वाढले, तर नवी माणसं रात्रभर जोखीम अंगावर घ्यायला तयार झाली आहेत. भाव वाढला पण करार घटले, तर अडकलेले मंदीवाले सुटका करून घेत आहेत. पहिल्यात धूर आहे, दुसऱ्यात पळापळ. उलाढालीची काठी दोन्ही दिवशी सारखीच उंच दिसेल.

उरतो व्यवहारी माणसाचा आक्षेप, आणि तो न्यायशास्त्राच्याच भाषेत मांडता येतो. ज्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल होते ते ज्ञान खरं, असं वात्स्यायनाच्या भाष्याच्या अगदी सुरुवातीलाच आहे. तहानलेल्याला पाणी मिळालं तर पाणी दिसलं होतं ते खरं. मग वायद्यावर ही रेषा पाहून कुणी पैसे कमावले, तर तुमच्या उपाधीला कोण विचारतो? इथं बाजाराची नियामक संस्था सेबी हिचा सप्टेंबर 2024 चा अभ्यास फेकून मारण्याचा मोह होतो: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर होता. पण तो मोह आवरायला हवा. तोटा दलालीनं झाला, ऑप्शनच्या ओढीनं झाला की उलाढालीच्या रेषेनं, हे त्या आकड्यातून निघत नाही. तसं काढलं तर ज्या चुकीवर मी बोट ठेवतो आहे तीच मी केली असं होईल. त्यापेक्षा ग्रॅनव्हिल यांचीच गोष्ट बोलकी आहे. 1981 च्या जानेवारीत त्यांनी आपल्या वर्गणीदारांना सगळं विकून टाकण्याचा संदेश पाठवला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कचा बाजार कोसळला, आणि तोवरची विक्रमी उलाढाल झाली. कृती सफल झाली, पाणी मिळालं. पण ती उलाढाल बाजाराच्या मनातली कोणती गोष्ट सांगत होती? त्या संदेशाची! न्यायाधीशानंच साक्षीदाराला पढवलं आणि मग त्याची जबानी प्रमाण मानली. पुढच्याच वर्षी, 1982 च्या ऑगस्टमध्ये मोठी तेजी सुरू झाली तेव्हा ते मंदीच सांगत राहिले. तहान एकदा भागली म्हणजे मृगजळाची विहीर होत नाही.

आणि पढवलेल्या साक्षीदाराची बाधा एका माणसापुरती राहत नाही. जुलै 2025 मध्ये सेबीनं एका परदेशी व्यापारी समूहाविरुद्ध दिलेल्या अंतरिम आदेशात 17 जानेवारी 2024 या एका दिवसाचा हिशेब आहे: बँक निफ्टी या बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाच्या ऑप्शनमधली उलाढाल, मूळ शेअरच्या मापात आणली तर, त्या बँकांच्या शेअरमधल्या उलाढालीच्या तीनशे पटींहून जास्त होती. समूहाला आरोप मान्य नाही, आणि त्याचा निवाडा ज्यानं करायचा तो करील. आपल्यापुरता मुद्दा असा की जिथं एक रुपया फेडण्यामागं तीनशे रुपये नुसतं बोलणं आहे, तिथं थोडंसं फेडून पुष्कळसं बोलणं हलवता येतं, अशी शंका घ्यायलाच जागा उरते. त्या दिवशी बँकांच्या शेअरवर उलाढालीची रेषा काढणाऱ्यानं शेअरचीही खात्री मोजली नसेल. शेजारच्या बाजारातला वाळका जाळ इकडच्या चुलीतही शिरतो.

मुदतीच्या दिवशी, सध्या राष्ट्रीय शेअर बाजारात महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी साडेतीनला त्या महिन्याच्या मालिकेतले उभे करार शून्यावर येतात. महिनाभर बोललेलं सगळं त्या क्षणी मिटतं. आलेख काढणारी प्रणाली मात्र पुढच्या महिन्याची मालिका मागच्याला जोडून रेषा अखंड दाखवते, आणि संपून गेलेल्या करारांची उलाढाल नव्या रेषेच्या उंचीत तशीच राहते, मतदार यादीत राहून गेलेल्या मयतांच्या नावांसारखी. संध्याकाळी डिलिव्हरीची यादी प्रसिद्ध होते. कंपनीचं नाव, एकूण उलाढाल, आणि तिच्यातली प्रत्यक्ष पोचणारी संख्या, असे रकाने. राजारामपुरीतल्या दुकानांची गिऱ्हाइकी तेव्हाच सुरू होते, आणि सकाळी मोबाइलवर उंच काठी पाहणारा माणूस त्या वेळी कापडाचे ठाण उलगडत असतो.